येतो म्हणून गेलेला जादूगार

माणसाने आईचं ऐकावं, पण संवाद लिहिताना ऐकू नये, हे आमच्या संवादलेखकाला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर उशीर झाला होता.

त्याचा धंदा असा, की परदेशी अ‍ॅनिमे म्हणजे कार्टून मालिका मराठीत आल्या की त्यातल्या माणसांच्या, राक्षसांच्या आणि क्वचित बोलक्या मांजरांच्या तोंडी मराठी वाक्यं घालायची. ऐकायला सोपं वाटतं. पण पात्राचं तोंड तीनदा उघडलं तर अक्षरंही तीनच पाहिजेत, आणि तेवढ्यात राज्य वाचलं पाहिजे. (लग्नाआधी तो कविता करायचा. त्या वाचून दाखवल्यावर कुणाचंच तोंड उघडत नसे, त्यामुळे ही अडचण कधी आली नव्हती.)

त्या आठवड्यात एका मालिकेचा बावन्नावा आणि शेवटचा भाग हातात होता. एक छोटी राजकन्या आणि तिचा राखणदार जादूगार. लांब दाढी, फाटका झगा, सदा कुरकुर. पण इमान असं की एक्कावन्न भागांत त्याने पोरीच्या केसालाही धक्का लागू दिला नव्हता. शेवटी तो अंधाराच्या फौजेला अडवायला बर्फाच्या दारापलीकडे निघतो. दारात मागे वळून पाहतो, तोंड दोनदा उघडतं, दार बंद होतं आणि खेळ खलास.

संवादलेखकाने लिहिलं, "जातो." नीट बसतंय का बघायला मोठ्याने म्हणून पाहिलं. शेजारी त्याची आई मटार सोलत होती.

"शिव शिव! जातो काय म्हणतोस? घरातून निघताना कुणी असं बोलतं का? येतो म्हणावं."

"अगं आई, मी नाही चाललो. जादूगार चाललाय."

"त्याला वळण नको?"

"तो मरायला चाललाय!"

"मग तर नक्कीच म्हणावं. अशा वेळी तरी शुभ बोलावं माणसाने."

आता आईशी वाद घालून जिंकलेला मुलगा कुणी पाहिला आहे? शिवाय 'येतो'लाही तोंड दोनदाच उघडतं. त्याने 'जातो' खोडलं, 'येतो' लिहिलं आणि कागद स्टुडिओत धाडून दिले.

रविवारी सकाळी तो भाग लागला. आईने, म्हणजे घरातल्या आजीने, डोळ्यांना पदर लावला, बायकोने नाक ओढलं आणि स्वतः संवादलेखक तर हुंदके देत होता. (आपल्याच ओळीवर रडणारा लेखक तसा स्वस्तात खूश होतो.) फक्त त्याची आठ वर्षांची मुलगी शांत होती. ती एका जागी कधी बसत नसल्यामुळे तिला सगळे खारूताई म्हणत.

"रडताय काय सगळे?" ती म्हणाली. "येतो म्हणालाय ना तो!"

सोमवारी खारूताई गणवेश घालून बाल्कनीत बसली आणि शाळेत जाईना. "तो आला आणि मी घरात नसले तर?"

"अगं, तो राजकन्येकडे जाईल. आपल्याकडे कशाला येईल?"

"राजकन्येचं राज्य वाचलं की! तो जिथे गरज असते तिथे जातो. दहाव्या भागात म्हणालाय तसं."

दहावा भागही ह्यानेच लिहिला होता. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

मंगळवार गेला, बुधवार गेला. जन्मात एका जागी न बसलेली पोर रस्त्यावर डोळे लावून बसून राहिली. गुरुवारी वर्गशिक्षिकेचा फोन आला, की सोमवारपासून परीक्षा आहे आणि मुलगी आली नाही तर तिसरीचं वर्ष पुन्हा करावं लागेल. बायकोचं औषधाचं दुकान. ती दुकानातून आली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "अहो, एक शब्द बदललात आणि पोर घरी बसवलीत. आता तुम्हीच निस्तरा."

त्याने खरं सांगायचं ठरवलं. मुलीजवळ बसला आणि घसा साफ केला. "हे बघ खारूताई, तो जादूगार आता येणार नाही."

"म्हणजे तो खोटं बोलला?"

"छे छे! तसं नाही. ट्रॅफिक असेल," असं म्हणून बाप तिथून पळाला.

शुक्रवारी त्याला घुमट आठवला. घुमट म्हणजे जादूगाराला आवाज देणारा कलाकार. दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करणारा हा पाच फुटी, किडकिडीत, लाजाळू माणूस माइकसमोर उभा राहिला की ढग गडगडतात असं वाटे, म्हणून सगळे त्याला घुमट म्हणत. जादूगार बर्फाच्या दाराआड गेलाय, तेव्हा दाराआडून बोलला की झालं. तोंड दाखवायचा प्रश्नच नाही! घुमट तयार झाला, पण एका अटीवर. "साहेब, मला लिहून द्या. कागदाशिवाय मला बोलता येत नाही." (त्याची बायको सांगायची, घरीसुद्धा येत नाही.)

रविवारी सकाळी खारूताईचं लक्ष रस्त्यावर असताना बायकोने दोघांना मागच्या दाराने घेतलं आणि बाथरूममध्ये कोंबलं. जागा घुमटनेच निवडली होती. म्हणाला, इथे आवाजाला वजन येतं. आजीच्या पोटात काही राहत नाही म्हणून तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. आतून कडी लागली. लेखक उपड्या बादलीवर पेन्सिल घेऊन बसला. बाहेर बायको ओरडली, "अगं खारूताई, बाथरूममधून कुणीतरी बोलतंय बघ!"

पावलं धावत आली.

"राजकन्ये!" घुमट असा गरजला की नळ थरथरला. "मी आलोय!"

"मी राजकन्या नाहीये. तिसरीतली आहे."

हे कागदावर नव्हतं. घुमटला घाम फुटला. "ओळ! साहेब, ओळ द्या!" तो कुजबुजला, पण त्याची कुजबुज तीन मजले ऐकू जाई.

"कसली ओळ?" बाहेरून प्रश्न आला.

लेखकाने खरडलं आणि घुमटने वाचलं, "मंत्राची ओळ विसरलो होतो, बाळ. वय झालं."

"मग बाहेर या ना."

"बर्फाचं दार आहे. उघडत नाही."

तेवढ्यात आजीने दार ठोठावलं. "आत कोण आहे? मला आंघोळ करायचीये!"

पेन्सिल पळाली. "जरा धीर धर, राजमाते!"

"अगंबाई!" आजी विरघळली. "होऊ द्या, होऊ द्या सावकाश."

आता मुख्य ओळ. ती लिहिताना संवादलेखकाची छाती बादलीवर बसल्याबसल्या चार इंच फुगली. घुमटने वाचली, "मी भेटून गेलो, आता निर्धास्त शाळेत जा. यापुढे तुझी राखण तुझे बाबा करतील."

बाहेरून एक बारीक, काळजीचा आवाज आला. "बाबा?"

"हो. बाबा."

"अहो पण जादूगार, मला राखणदार नकोच आहे. मला आई आहे. बाबासाठी तर मी तुमची वाट बघत होते."

पेन्सिल थांबली.

"आई दुकानात जाते, मी शाळेत जाते, आजी दुपारी झोपते. बाबा एकटाच असतो. चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधतो. गॅसवर चहा ठेवतो आणि लिहीत बसतो. रडायचं लिहिताना खरंच रडतो. मी घरी असले की पाणी आणून देते. नसले की कोण देणार?"

घुमट कागदाची वाट पाहत राहिला. कागद कोरा. लेखक टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. पोर आठवडाभर आपल्यासाठी रस्त्याकडे डोळे लावून बसली होती आणि आपण ट्रॅफिक सांगत होतो, हे त्याच्या काळजात शिरलं होतं. घुमटने त्याच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा विनाकागद बोलला.

"मी ठेवीन लक्ष, बाळ. तू जा शाळेत."

"रोज?"

"रोज."

"शप्पथ?"

"शप्पथ."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा पुस्तक शोधायला पळाली.

आता हळूच सटकायचं. लेखकाने कडी ओढली. हलेना. जोर लावला. कडी हलली, म्हणजे निघून हातातच आली. दार तसंच. बायको बाहेरून ढकलतेय, हा आतून ओढतोय, घुमट "सावकाश, सावकाश" म्हणतोय आणि ते सावकाश सगळ्या इमारतीत घुमतंय. दहा मिनिटांत मजल्यामजल्यावरची पोरं जादूगार बघायला जमली. शेवटी सुतार आला. त्याने बिजागऱ्या काढून दार उचललं.

समोर दृश्य असं, की एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेतलेला, डोळे सुजलेला बाबा. आणि त्याच्या मागे बादलीला चिकटून उभा एक किडकिडीत चष्मेवाला माणूस. संवादलेखक थाप शोधू लागला. एरवी राक्षसांना शब्द पुरवणाऱ्याला एक सुचेल तर शपथ.

खारूताईने बाबाकडे फारसं पाहिलंच नाही. ती घुमटला म्हणाली, "दाढी कुठे गेली?"

"बर्फात राहिली," घुमट म्हणाला. (एकदा जमलं की जमतं.)

तो आवाज ऐकून तिची खात्री पटली. तिने बापाच्या हातातली कडी काढून घेतली आणि सुस्कारा सोडला. "बघितलंत ना, जादूगार? बाबा तुमच्या डोळ्यांदेखत अडकला."

सोमवारी ती परीक्षेला गेली. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही, इतकी निश्चिंत. वर्ष वाचलं.

पण घुमट पडला शब्दाचा पक्का. तेव्हापासून रोज दुपारी साडेबाराला चष्म्याच्या दुकानातून फोन येतो. अंधाराच्या फौजा गारठवणारा तो आवाज विचारतो, "गॅस बंद केलात का?"

काल संवादलेखक चिडलाच. "अहो, मी बेचाळीस वर्षांचा माणूस आहे!"

"वय नाही विचारलं, साहेब," जादूगार म्हणाला. "गॅस विचारला."

आणि संवादलेखक फोन तसाच टाकून स्वयंपाकघराकडे धावला.