टार्पलींच्या मयताचं हॅम

एसा टार्पली जिवंत होता. त्याला स्वतःला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं, पण गाव ते मानायला तयार नाही हे कळल्यावर तो चिडला. दार उघडलं तर समोर काळ्या कपड्यांतल्या शेजारच्या युलेलीबाई, हातात भाजलेलं अख्खं हॅम, म्हणजे डुकराची मांडी. मिसिसिपीत माणूस गेला की पाद्रीच्या आधी हॅम येतं.

"अगं बाई! तुम्ही?"

"माझ्या घरात मी नाही तर कोण असणार?"

"पण तुम्ही तर गेलात ना!"

"कुठे?"

बाईंनी काखेतलं साप्ताहिक पुढे केलं. मृत्युलेख विंटनने लिहिला होता. विंटन म्हणजे एसाचा पुतण्या, थोरल्या व्हर्जिलचा मुलगा. तो दोन वर्षं पॅरिसला राहून आला होता, आणि तेव्हापासून त्याचं लिहिणं गावात कुणाला कळत नसे. हा अख्खा रकाना म्हणजे एकच वाक्य होतं, मरणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरून लिहिलेलं. नदी, बुडणारा धाकटा एसा, लंगडं खेचर, तापाने फणफणलेला एसा, पुन्हा एसा. माणूस मनातल्या मनात स्वतःचं नाव थोडंच घेतो? त्यामुळे गेलेल्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि एसाचं ओळीओळीला होतं.

एसाने ते दोनदा वाचलं आणि तो मटकन पायरीवर बसला.

"व्हर्जिल गेला," तो म्हणाला.

बांधावरच्या पिकनच्या, अक्रोडासारख्या फळाच्या, झाडावरून दोघा भावांचं वाजलं होतं. व्हर्जिलच्या घराची पायरी चढणार नाही, अशी एसाने शपथ घेतली होती, आणि ती इतकी वर्षं पाळली होती. पण भाऊ गेल्याचं आपल्याला एका हॅमकडून कळावं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

तोवर भुरभुर पावसात अंगण भरलं होतं. भरलेली अंडी आली, केक आले, पाद्रीबुवाही आले. त्यांना निरोप मिळाला होता तो फक्त 'टार्पलींकडे मयत' एवढाच.

"मी तुमच्याबद्दल फार चांगलं लिहून आणलं होतं हो," ते हळहळले.

"मग वाचा की."

"आता कसं वाचणार? तुम्ही जिवंत आहात."

"तिकडे व्हर्जिलच्या घरी, ओरावहिनीकडे कोण आहे?" एसाने विचारलं. सगळं गाव इथेच होतं. "अहो, मग हे सगळं तिकडे घेऊन जा ना!"

"मयताच्या दारात दिलेलं उचलून दुसऱ्या दारात न्यायचं?" युलेलीबाई कडाडल्या. "माझ्या आईने असं शिकवलं नाही मला. दिलं ते दिलं. आता न्यायचं तर तुम्ही न्या."

एसाने पुन्हा कागद पाहिला. रकाना अर्ध्यातच तुटला होता. 'आणि एसाला सांगा ते झाड', बस्स. त्याच्याखाली कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात. पॅरिसची पद्धत असेल, असं गावाने ठरवून टाकलं होतं. एसाने मात्र त्या तुटक्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटी झाड आपल्याला दिलं असेल का त्याने? का हे सगळं पोराने मनानेच रचलंय?

तो हॅम घेऊन निघाला आणि मागून काळ्या कपड्यांतलं गाव निघालं. व्हर्जिलच्या दाराशी विंटन एकटाच उभा होता. एसा पायरीखालीच थांबला.

"हे नदीबिदीचं तू रचलंस, खरं ना? तिकडे शिकून आलास ते?"

"मी कशाला रचू, काका? मी उशाशी बसून नुसतं उतरवून घेतलं. बाबा थांबतच नव्हते, मग पूर्णविराम कुठे देऊ?"

"आणि 'ते झाड'च्या पुढे?"

"ते संपादकांनी छाटलं. जागा नव्हती."

"काय होतं?"

"आज नको, काका."

"बोल."

विंटनने मान खाली घातली. "'एसाला सांगा ते झाड माझं आहे, त्याच्या बापाचं नाही.'"

एसाने हातातलं हॅम छातीशी धरलं.

"बाप एकच होता रे आमचा," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना. "हे कुणाला रचता येणार नाही. म्हणजे खरंच व्हर्जिलच गेला."

दारात ओरावहिनी आली. तिने एसाकडे पाहिलं, मग हॅमकडे.

"या, भावजी," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीच येणार नाही."

एसा पायरी चढला.