हवाखोरीच्या मोटारीची जमीन काबीज केली त्याची हकीकत

श्रीअंबादेवीस वंदून, खरे तेच आणि किंचित वाढवून लिहितो. वऱ्हाड मध्यप्रांताच्या गळ्यात बांधला गेला त्या अमदानीत अमरावती शहरी श्रीमंत बापूसाहेब वकील नांदत होते. कोर्टात त्यांचा दरारा थोर, घरात अंमल अनसूयाबाईसाहेबांचा. श्रीमंतांनी एक जुनी लॉरी खरीद केली, तिजवर छप्पर चढविले, आत भांडीकुंडी ठेविली आणि तीस 'हवाखोरीची मोटार' ऐसा किताब दिला. मग स्वारी चिखलदऱ्यास निघाली. ते स्थळ पाहावयाची हौस बाईसाहेबांस माहेरी होत्या तेव्हापासूनची. परंतु परतवाड्यानजीक धक्का बसला आणि मोटारीच्या जमिनीची वाळवीने खाल्लेली फळी मोडून बाईसाहेबांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, वहाण रस्त्यात राहिली, आणि श्रीमंत हसले. हे हसणे फार वाईट जाहले.

"पाय माझा गेला अन् हसून तुमी राहिले! जमीन पक्की होईस्तोवर मी काई या डब्ब्यात बसत नाही," ऐसा हुकूम फर्मावून बाईसाहेब तेथूनच माघारी फिरल्या. श्रीमंत एकटे वर गेले, करपली खिचडी खाऊन परतले, आणि पुढे वर्षभर घरात त्यांच्याशी कामापुरतेच बोलणे होत राहिले.

मग चैत्रात मसलत बसली. शेजारचे कमलाकांत मास्तर, ज्यांस न विचारता सल्ला देण्याचा जन्मसिद्ध अधिकार, त्यांनी पत्रा सुचविला. पत्रा ठोकिला आणि दुपारी त्याचा तवा जाहला. पाहणीस मास्तर अनवाणी आत गेले ते पायरी न वापरताच बाहेर आले. तरी न खचता म्हणाले की साहेबांच्या बंगल्यात जमिनीवर लिनोलियम नामे रोगणी कापड अंथरलेले असते, ते अकोल्यास मिळते. मग दोघांनी अकोल्याकडे कूच केले, मूर्तिजापुरी चहाचा मुक्काम केला, आणि भर उन्हात दुकान गाठिले.

दुकानदाराने अंगणात तो विलायती तुकडा अंथरिला. आता साहेब खुर्चीवर बसतो, त्यास जमिनीची काय पारख? आपण जमिनीवर जेवणार, निजणार आणि पत्तेही कुटणार. म्हणोन श्रीमंत वर मांडी घालून बसले, आणि भावाची घासाघीस ऐसी रंगली की खाली रोगण पाघळले ते कोणास कळले नाही. सौदा ठरला, श्रीमंत उठले, धोतर उठेना. मास्तरांनी खांद्यास धरून ओढिले आणि मग मोठा आवाज होऊन निम्मा काष्टा शत्रूच्या हाती राहिला. सौदा तेथेच टाकून श्रीमंत कमरेस उपरणे गुंडाळून अमरावतीस दाखल जाहले.

ही शिकस्त ऐकोन बाईसाहेब पदर तोंडाशी धरून जे हसल्या ते पोट दुखेतो हसल्या. "आता फिट्टंफाट झाली," म्हणाल्या, आणि मोहिमेची सूत्रे आपल्या हाती घेतली. लागलीच नत्थुजी सुतारास ओसरीवर बोलाविले. तेथे श्रीमंतांचे बैठकीचे तखत होते, मेळघाटच्या सागाचे, चार बोटे जाडीचे, ज्यावर लोडास टेकून ते पक्षकारांची गाऱ्हाणी ऐकत.

"हे तखत फाड अन् मोटारीत बसव," बाईसाहेबांनी फर्माविले. "पाटील लोक याच्यावर मुठी आपटून आपटून थकले, याले साधा चरा नाही."

"पन बाई," नत्थुजी करवत मागे लपवीत म्हणाला, "सायेब बसून आहेत ना त्याच्यावर!"

"मंग त्यायले उठव."

तख्ते लढाईत गेली ऐसे पुष्कळ ऐकिले, परंतु हे धनी आपण होऊन उठले, लोड काखेत मारिला आणि गुपचूप सतरंजीवर बसले. मनात दुःख फार, पण वर्षभराच्या अबोल्याहून हे दुःख त्यांस बरे वाटले.

मग फळ्या सांध्यास सांधा भिडवून बसविल्या, जवसाचे तेल पाजिले, आणि बाईसाहेबांनी त्यांजवरून पाटा फरफटत नेला, उकळता चहा ओतिला, आणि फडके फिरविताच जमीन जैशी होती तैशी.

वैशाखात स्वारी चिखलदऱ्यास पोहोचली. दरीच्या तोंडाशी मोटार उभी करविली, आणि बाईसाहेब त्या गार सागावर पाय पसरून बसल्या आणि दरीकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. ते पाहोन श्रीमंतांसही गहिवर आला आणि शेजारी बसावे म्हणोन त्यांनी एक पाऊल आत टाकिले.

"जोडे खाली काढा!"

येणेप्रमाणे वैशाखमासी, चिखलदरा मुक्कामी, जमीन फत्ते जाहली, आणि श्रीमंत बापूसाहेब तीत अनवाणी दाखल जाहले.