कोलंबस निघाला तो दिवस

आमच्या इमारतीतले राऊतकाका लिफ्टमध्ये भेटले की नमस्कार करत नाहीत, थेट बातमी सांगतात. मी एव्हरशाईन सिटीत राहायला आलो त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन वर चाललो होतो. पांढरा बुशशर्ट घातलेला, खिशात खडूचा तुकडा असलेला एक सडसडीत म्हातारा लिफ्टमध्ये शिरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज कॉन्स्टँटिनोपल पडलं."

आमच्याकडच्या बिल्डरांना परदेशी नावांची भारी हौस. मी घाबरून विचारलं, "कुठल्या फेजमधलं?"

"मंगळवार होता," ते म्हणाले. "एकोणतीस मे, चौदाशे त्रेपन्न." आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून चालते झाले. इमारत नाही, शहर पडलंय आणि तेही पावणेसहाशे वर्षांपूर्वी, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत माझा मजला मागे गेला होता.

हरिश्चंद्र राऊत हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे राजोडीकडचे, वाडीवाले. केळी आणि पानवेलीत वाढलेले. नोकरी पोस्टात केली. तिथे रोज सकाळी टपालावर मारायच्या शिक्क्यातली तारीख बदलायचं काम त्यांच्याकडे होतं. तारीख बदलायची, पहिला ठसा वहीत उमटवून बघायचा आणि मगच दिवस सुरू करायचा. सगळ्या नोकरीत एकदाही चुकीची तारीख उमटली नाही, हे ते स्वतः सांगतात. कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ते ऐकून म्हणतात की शिक्का सरकारजमा झाला, पण यांचा हात अजून तसाच वर-खाली होतो.

निवृत्तीनंतर काकांनी तो हात आमच्या सोसायटीच्या फळ्याकडे वळवला. गेटजवळचा हा फळा खरं तर पाणी कधी येणार नाही ते लिहिण्यासाठी आहे. त्याचा उजवा अर्धा भाग काकांनी कोणालाही न विचारता ताब्यात घेतला. रोज सकाळी सहाला वर 'आज' असं लिहून त्याखाली त्या दिवशी जगात काय घडलं ते, तारीखवार. एकवीस एप्रिलला तर त्यांना उसंत नसायची. रोम वसलं ते त्याच दिवशी आणि पानिपतावर लोदी पडला तोही त्याच दिवशी. "सकाळी रोम लिहायचं, दुपारी पानिपत," ते म्हणत. "माणूस एकटा पुरत नाही."

पानिपताच्या त्या पहिल्या लढाईनंतरचं काहीही मात्र फळ्यावर येत नसे. त्यापुढचं सगळं त्यांच्या हिशेबी ताजं. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांनी त्यांना घेरलं. वसईत राहून वसईच्या किल्ल्याची मोहीम फळ्यावर नाही, हे काय चाललंय म्हणून. काकांनी शांतपणे सांगितलं की त्या मोहिमेला अजून तीनशे वर्षंही झालेली नाहीत, जरा निवू द्या. ते चौघे अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

स्वस्थ बसणं हा प्रकार त्यांना माहीत नाही. बोलताना ते उभे असतात, उभे असताना चालत असतात आणि चालताना घड्याळ बघत असतात. त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे, "तारीख सांगा." कोणी सुनेची तक्रार घेऊन आलं, तारीख सांगा. कोणी म्हणालं आमच्या लहानपणी वसईत काय पाणी होतं, तारीख सांगा. तारीख सांगता आली नाही की ते मान हलवत पुढे जात. त्यांच्या मते तारीख असेल तर घटना, नाहीतर नुसती कहाणी.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या शेजारच्या मुलीने त्यांना मोठा धक्का दिला. चोवीस ऑगस्टला काका नेमाने लिहीत की व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई गाडलं गेलं. तिने सांगितलं की काका, तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडलीय, तिच्यावर ऑक्टोबरातली तारीख आहे. गाव ऑगस्टमध्ये गाडलं असेल तर ऑक्टोबरमध्ये भिंतीवर कोण लिहील? काका आठ दिवस कंपाउंडमध्ये येरझाऱ्या घालत होते. मी समजूत घालायला गेलो की एवढ्या जुन्या गोष्टीत दोन महिने इकडचे तिकडे व्हायचेच. ते थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच तो ज्वालामुखी फोडला असावा.

"एवढं गाव मेलं," ते म्हणाले, "आणि कोणत्या दिवशी मेलं ते धड माहीत नाही. त्या भिंतीवर लिहिणाऱ्याने नुसतं साल लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

एवढ्याशा गोष्टीला इतकं काय लागायचं, ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला या वर्षीचा जून उजाडावा लागला आणि त्याला कारणीभूत मी झालो.

मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवडून आलेलो नाही. सभेला उशिरा पोचलो तेव्हा झालेलो होतो. काहीतरी करून दाखवावं म्हणून मी ज्येष्ठ सभासदांचे वाढदिवस साजरे करायची टूम काढली. सभासदांचे फॉर्म काढून जन्मतारखा उतरवल्या आणि बघतो तर पाचजणांचा वाढदिवस एक जून. मला योगायोगाचं फार कौतुक वाटलं. एक मोठा केक सांगितला, त्यावर पाच नावं घालून घेतली आणि एकतीस मेच्या संध्याकाळी फळ्यावर, काकांच्याच अर्ध्या भागात, रंगीत खडूंनी लिहिलं: 'उद्या आपल्या पाच ज्येष्ठांचा वाढदिवस.' त्यात तिसरं नाव राऊतकाकांचं.

सकाळी बघतो तर चारच नावं. तिसरी ओळ ओल्या फडक्याने पुसलेली. केक कापायला चौघे आले. त्यांच्यातले एक आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, आम्ही काय सगळे एकाच दिवशी जन्मलो होय? शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर विचारायचे, कधीचा? आईबापांना कुठे माहीत. मग मास्तर एक जून टाकून मोकळे." मला लाज वाटली. माझ्या स्वतःच्या वडिलांचीही तारीख एक जूनच होती आणि मी ती जन्मभर खरी धरून चाललो होतो.

काका लिफ्टपाशी भेटले. म्हणाले, "सेक्रेटरी, ही घटना घडलेली नाही." बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला एक पाकीट अडकवलेलं होतं. आत खडू.

फळ्याचा उजवा भाग कोरा राहिला. पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग लोक मला विचारायला लागले. ज्यांनी काकांना कायम वेडं ठरवलं होतं, तेही शाळेच्या बसची वाट बघताना कोऱ्या फळ्याकडे बघत चुळबुळत. दुसऱ्या मजल्यावरच्या चौघांपैकी एकाने तर सांगितलं की आज काय झालं होतं ते कळलं नाही की दिवसभर चैन पडत नाही. आठव्या दिवशी मी पाकीट घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो.

कुसुमकाकूंनी दार उघडलं. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "ते बसायचे नाहीत." काका खिडकी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या मारत होते. मी माफी मागितली. त्यांनी ती चालता चालताच घेतली. मग काकूच म्हणाल्या की यांची पत्रिकासुद्धा नाही, आमचं लग्न पत्रिका न बघता झालं. सांगा एकदा काय ते, सेक्रेटरी आहेत, ऐकून तरी घेतील.

काकांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वाडीला लागून सिसिलबाय नावाच्या ख्रिस्ती शेजारणीचं घर होतं. काका आणि सिसिलबायची मुलगी एकाच दिवशी जन्माला आले. एकच सुईण. काकांची आई सांगायची, "हरीच्या वेळी सुईन तिकडून आली नि हात धुऊन माझ्याकडं बसली." ती मुलगी जगली नाही. आईने बजावून ठेवलं होतं, सिसिलबायला त्या दिवसाबद्दल कधी विचारायचं नाही. आणि काकांनी विचारलं नाही. पण दरवर्षी पावसाळ्यात एक दिवस असा यायचा की सिसिलबाय ताटलीत फुगे घेऊन यायची. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला करतात ते मैद्याचे गोल तळलेले. ती काकांना समोर बसवून खायला लावायची, गालावरून हात फिरवायची आणि पाणीही न घेता निघून जायची. काकांना वाटायचं, आज त्यांचा कुठला तरी सण असेल.

"काय सांगू तुम्हाला," काका म्हणाले. ते खिडकीपाशी थांबले होते. "माझी तारीख ताटलीत घालून ती दरवर्षी दारात आणून देत होती. मी फुगे खाल्ले. तारीख बघितली नाही."

सिसिलबाय जाऊन वीस वर्षं झाली. काकांच्या आईला जाऊन त्याहून जास्त. मी विचारलं, चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते, त्यात मुलीची नोंद असणार, तुम्ही कधी गेला नाहीत? काकू म्हणाल्या की चर्चच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आलेत. मी काकांकडे बघितलं.

"आणि नाव नाही निघालं तर?" ते म्हणाले. "आता निदान असेल असं वाटतं. मग तेही गेलं."

मला त्यांचा राग आला. जगाच्या तारखा पुराव्यानिशी मागणारा माणूस स्वतःच्या तारखेला घाबरतो, हे मला सहन होईना. मी म्हणालो, रविवारी स्कूटर काढतो, अकरा वाजता खाली या. ते पावणेअकरालाच गेटपाशी येरझाऱ्या घालत होते.

चर्चच्या ऑफिसात फादरांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून मोठी, कडा झिजलेली वही काढली. साल काकांनी सांगितलं, एकोणीसशे पन्नास. तेही मास्तरांनी ठरवलेलंच होतं, पण कुठून तरी सुरुवात करायला हवी. फादरांचं बोट ओळींवरून खाली सरकत होतं. काका टेबलाची कड धरून उभे होते आणि त्यांचा उजवा हात शिक्का मारल्यासारखा टेबलावर हळूहळू वर-खाली होत होता. बऱ्याच पानांनंतर बोट थांबलं.

"मार्था," फादर म्हणाले. "आईचं नाव सिसिल. जन्म तीन ऑगस्ट."

काकांच्या तोंडून आलेला पहिला शब्द मी विसरणार नाही. ते म्हणाले, "कोलंबस."

फादरांना वाटलं आपलं काही चुकलं. मी समजावलं की कोलंबस त्या तारखेला बंदरातून निघाला होता आणि काका दरवर्षी ते फळ्यावर लिहितात. "शुक्रवार होता," काका पुटपुटले. "बारा वर्षं लिहितोय मी. हा कुठे चाललाय ते याचं यालाच माहीत नाही, असं म्हणून हसतही होतो."

फादरांनी वही थोडी तिरकी केली. समासात बारीक अक्षरात आणखी काही होतं. ते त्यांनी जरा थांबून वाचलं. मूल अशक्त म्हणून बाप्तिस्मा घरीच दिला, त्याच दिवशी. आणि संध्याकाळी गेलं, त्याच दिवशी. काकांचा टेबलावरचा हात थांबला. त्यांनी फादरांना विचारून ती ओळ बोटाने एकदा वाचली आणि वही स्वतः मिटली.

येताना मागच्या सीटवरून त्यांनी एकदाच तोंड उघडलं. एक जून धरून त्यांना एकतीस मेला निवृत्त केलं होतं. खऱ्या तारखेने ऑगस्टअखेर व्हायला हवं होतं. "तीन महिने शिक्का माझ्या हातात राहिला असता," ते म्हणाले. एरवी मी यावर हसलो असतो. मी स्कूटर हळू चालवली.

फळा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. रोम, पाँपेई वगैरे सगळे आपापल्या जागी परतणार म्हणून लोक खूश झाले. मी मात्र तीन ऑगस्टची वाट बघत होतो. केक सांगायचा मोह झाला, पण या वेळी आवरला.

तीन तारखेला सकाळी खाली उतरलो तर फळ्याजवळच्या बाकावर काका बसलेले. बसलेले, त्यामुळे आधी मी ओळखलंच नाही. मांडीवर ताटली, ताटलीत फुगे. राजोडीच्या एका बाईकडून कुसुमकाकूंनी आदल्या दिवशी मागवून घेतलेले. फिरायला निघालेल्या प्रत्येकाला काका एकेक देत होते आणि कोणी कशाबद्दल विचारलं तर फळ्याकडे बोट दाखवत होते. कोलंबस नव्हता. वळणदार अक्षरात एवढंच होतं:

'आज. ३ ऑगस्ट १९५०. राजोडी. सिसिलबायच्या घरी मार्था जन्मली.'

मी म्हणालो, "काका, तुमचं नाव?"

"तिला एकच दिवस होता," ते म्हणाले. "तो तिचा राहू दे. मला बाकीचे सगळे मिळाले." आणि त्यांनी माझ्या हातावर फुगा ठेवला. तो मी तिथेच उभ्याने खाल्ला. मला रडू येत होतं आणि तोंडात मैदा होता.

ते वर गेल्यावर मी खडू घेतला. त्यांनी मला नको म्हटलं होतं, पण सेक्रेटरीला फळ्यावर थोडा अधिकार असतो. त्या ओळीखाली माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात मी लिहिलं: 'आणि हरी.'

दुपारी पाण्याची सूचना लिहायला खाली आलो. माझे दोन शब्द पुसलेले नव्हते. त्यांच्यापुढे वळणदार अक्षरात दोन शब्द वाढले होते.

'आणि हरी. थोड्या वेळाने.'