दगडाबाईंचा मागचा डावा पाय

"आधी कागद भर, बाई, माणूस काय, मागून बघता येतो," असं पंचशीलाताईंना त्यांच्या पहिल्या पर्यवेक्षिकाबाईंनी एकोणीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्या बाई यथावकाश निवृत्त झाल्या; वाक्य मात्र सेवेत कायम राहिलं. देशाची प्रगती व्हायची तर मोजदाद हवी आणि मोजदाद व्हायची तर अंगणवाडी सेविका हवी, याबद्दल आता कुठल्याही पक्षात दुमत उरलेलं नाही. हिवरदऱ्याच्या अंगणवाडीत बसून पंचशीलाताईंनी आजवर बालकं मोजली, गरोदर माता मोजल्या, शौचालयं, शेळ्या, हापसे आणि मतदार मोजले, आणि एका वर्षी (वरून आदेश होता म्हणून) चिमण्याही मोजल्या. उरलेल्या वेळात त्या पोरांना शिकवत.

यंदा कार्तिकात कुत्र्यांची पाळी आली.

अभियानाचं नाव होतं 'श्वान भावनिक व शारीरिक स्वास्थ्य संवर्धन अभियान'. उद्देश थोर होता, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. कुत्र्यालाही मन असतं, त्यालाही एकटं वाटतं, त्याचाही जीव कुणात तरी गुंतलेला असतो. हे खेड्यातल्या लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते विनाअनुदानित तत्त्वावर ठाऊक होतं.

प्रशिक्षण शिरूर कासारला झालं. प्रशिक्षकांनी पडद्यावर एक कुत्रं दाखवलं. ते गादीवर बसलं होतं, त्याचे केस विंचरलेले होते आणि चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की पहिल्या रांगेतल्या दोन सेविकांना आपापला संसार आठवून हुंदका आला. शेपूट वर असेल तर आत्मविश्वास, आडवी असेल तर समाधान, खाली असेल तर खिन्नता, असं शास्त्र समजावण्यात आलं. (शेपूट तुटलेली असल्यास 'मत नाही' असं लिहायचं होतं.) फासळ्या लांबून मोजता आल्या तर ते कुपोषण समजावं, हेही सांगितलं.

शेजारच्या गावच्या ताराबाई उभ्या राहिल्या. "सर, फासळ्या कुत्र्याच्या मालकाच्या मोजता आल्या तर?"

"तो आपल्या विभागाचा विषय नाही," प्रशिक्षक अत्यंत नम्रपणे म्हणाले, आणि चहा आला.

हिवरदऱ्यात घरं दोनशे चौदा. त्यातल्या एकशे एकतीस घरांना दसऱ्यानंतर कुलूप लागतं, कारण गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं. ट्रॅक्टरमध्ये कोयता, पीठ, भांडी, लेकरं, सरपण आणि कोंबड्या एवढं मावतं. कुत्रं मावत नाही. पंचशीलाताईंनी आठ दिवसांत गाव पालथं घातलं. एकूण कुत्री एकसष्ट. खिन्न चौपन्न, मध्यम खिन्न सहा, आनंदी एक (ते सरपंच आश्रुबांचं होतं, साखळीला बांधलेलं असूनही ते आनंदी का, हा रकाना रिकामाच राहिला). खिन्नतेचं कारण साऱ्यांचं एकच: मालक उसाला.

शेवटचं घर दगडाबाईंचं. त्यांचा मुलगा भारत बायकोपोरांसह उसाला गेलेला. घरी दगडाबाई आणि लाल्या. लाल्या उंबऱ्यावर पडला होता. शेपूट खाली.

"लाल्या जेवतो का, मावशी?"

"टाकला तुकडा तर खातोय. मी खाल्ला तर त्याला टाकीन ना?"

"झोप?"

"त्याला लई झोप. मला न्हाई."

"कुणाची वाट बघतो का?"

"रोज फाट्यापस्तोर जाऊन बसतोय. मला जाता येत न्हाई, म्हणून मी हितूनच बघते."

एका प्रश्नाला दोन उत्तरं येत होती. पंचशीलाताईंनी शिस्तीत निम्मी लिहून घेतली.

"काही दुखतंय-खुपतंय का? म्हणजे, लाल्याला."

"त्याला काय धाड भरलीय? हे बघ." दगडाबाईंनी लुगडं घोट्यापर्यंत उचललं. डाव्या तळव्याला हळद माखलेली चिंधी होती. चिंधीखाली जे होतं ते पोळ्याच्या सुमारास खडा लागून झालं होतं आणि साखरेचा आजार असल्यामुळे वाढतच चाललं होतं. वास उंबऱ्यापर्यंत येत होता.

"आगं माय! उपकेंद्रात का नाही गेलात?"

"कुलूप हाय. सिस्टरला म्हणं कुत्र्यायकडं नेमलंय."

हे खरं होतं. सिस्टरांची बदली तात्पुरती 'खिन्न श्वान समुपदेशना'वर झाली होती. शुक्रवारी मात्र जनावरांचे डॉक्टर फिरतं वाहन घेऊन गावात येणार होते. औषधं, पट्ट्या, वजनकाटा, सगळ्यासकट.

दगडाबाईंनी चिंधी पुन्हा घट्ट गुंडाळली. "आगं, मग मलाच ल्ही की कुत्र्यात."

"मावशी! असं कसं लिहू?"

"कसं म्हंजे? चावती का, इचार. दात असते तर चावले असते."

"मला खोटं लिहिता येत नाही."

"मग खरं ल्ही. पर ल्ही. पाय गेला तर मी फाट्याकडं बघायला बी उठायची न्हाई."

पंचशीलाताई रोज पहाटे अंघोळ करून पंचशील म्हणत, आणि चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या व्रताशी, थोडं थांबत. कागद भरण्याच्या नोकरीत हे व्रत पाळणं म्हणजे तेलात पोहून कोरडं निघण्यासारखं. तरी त्यांनी ते सांभाळलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी अभियानाचं प्रपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा वाचलं. बेचाळीस प्रश्न होते. नाव, लिंग, वय, रंग, सांभाळणाऱ्याचं नाव, तो सोडून गेल्यास कारण, त्यानंतरची वागणूक, जखम, भूक, भुंकणं. नोंद होणारा जीव कुत्रा आहे काय, हे बेचाळीसांत कुठंच विचारलेलं नव्हतं. ते तयार करणाऱ्या अकरा तज्ज्ञांच्या समितीला जो प्रश्न पडला नाही, त्याचं उत्तर आपण होऊन देणं हे सेवाशर्तीत बसणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं. नाव: दगडाबाई. लिंग: मादी. वय: एकाहत्तर. रंग: सावळा. सांभाळणारा: भारत, ऊसतोडीस गेलेला. वागणूक: दाराकडे पाहत बसते. भुंकणं: प्रसंगानुसार. जखमेच्या प्रश्नापाशी त्या अडल्या, कारण तिथं पुढचा-मागचा, उजवा-डावा असे चारच पर्याय छापलेले होते. मग मनात म्हणाल्या, माणसाचे हात पुढं चालतात, पाय मागंच राहतात; आणि त्यांनी 'मागचा डावा'वर खूण केली.

संगणकानं नोंद स्वीकारली. वय पाहून 'अतिवृद्ध श्वान, प्रथम प्राधान्य' असा हिरवा शिक्काही दिला. दगडाबाईंना आयुष्यात कुठल्या यादीत पहिला नंबर मिळाला तो असा.

शुक्रवारी डॉक्टर रईस आले. तरणेच होते, बीडचे. यादी घेऊन अंगणात उभे राहिले. "ताई, मागचा डावा पाय, जुनी जखम. पेशंट किधर है?"

"ही काय, बसलीय."

डॉक्टरांनी वाकून चिंधीकडं पाहिलं. "ताई, माणसाला हात लावला तर माझी नोकरी जाईल हो."

"बरोबर आहे," पंचशीलाताई हळूच म्हणाल्या. "तुमच्या यादीत माणूस आहे का कुठं?"

डॉक्टरांनी यादी पुन्हा पाहिली. नव्हता.

"आरं बघ की बाबा," दगडाबाई म्हणाल्या, "का भुंकून दावू?"

डॉक्टरांनी बूट काढले, मांडी घातली, आणि जखम धुतली. साखर तपासायला त्याच गाडीतून बीडला नेलं. (मागं पिंजरा रिकामा होता, पण त्यांना पुढं बसवलं.) तिथल्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, आणि एक दिवसाआड पट्टी बदलायची असं ठरलं.

प्रथम प्राधान्याचे इतर लाभ आपसूक सुरू झाले. रोज पाव लिटर दूध. भाकरी. पसरायला गोणपाट. रोज दहा मिनिटं 'आपुलकीचा संवाद', जो पंचशीलाताईंच्या नावे होता. आणि प्रश्न क्रमांक एकतीसप्रमाणे, स्थलांतरित मालकानं रोज सायंकाळी फोनवरून आपला आवाज ऐकवायचा. हा आदेश कारखान्यांवर गेला, कारखान्यांनी मुकादमांना दिला, आणि मुकादमानं भारतला उसाच्या फडातून बाहेर बोलावून दिला.

"हॅलो! लाल्या! कसा हायस बे?"

"लाल्या न्हाई, मी हाय."

"आये? तू कावून?"

"आदेशच हाय. धा मिंटं बोल म्हणं."

भारत थोडा घोटाळला. दिवाळीला तो एक मिनिट बोलला होता, तेव्हा बॅटरी संपली होती. आता आदेशच असल्यामुळे बॅटरी पुरली. तो धाकटीच्या दातांबद्दल बोलला, पाचटानं कापलेल्या हातांबद्दल बोलला, आणि नववं मिनिट लागल्यावर म्हणाला, "पाय कसाय गं?"

अशी बातमी गावात लपून राहत नसते. पंधरा दिवसांत छत्तीस म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दगडाबाईंमागं नाव लावलं. कडूबाईंनी 'रंग' या प्रश्नाला 'गव्हाळ' असं बाणेदार उत्तर दिलं. खाजामियाँ म्हणाले, "लिखो बेटी, नाम में क्या शरम, गये साल राशन की यादी में मरा हुआ था मैं. ये तो तरक्की है." गावातली खरी कुत्रीही सुधारली, कारण म्हातारी माणसं आपल्या भाकरीतली अर्धी त्यांना टाकू लागली. शेपट्या आडव्या झाल्या.

अडचण आली ती आकडेवारीत. हिवरदऱ्याची श्वानसंख्या एका पंधरवड्यात एकसष्टवरून अठ्ठ्याण्णव झाली. जिल्ह्याला ही वाढ प्रजननाच्या दृष्टीनं चिंताजनक वाटली आणि त्यांनी तातडीनं निर्बीजीकरण पथक पाठवलं. पथकाची गाडी पाहताच, ज्यांचं चालणं 'मर्यादित' असं नोंदवलं होतं, अशा अकरा वृद्धांनी गावामागची टेकडी एका दमात गाठली. शारीरिक स्वास्थ्याचं इतकं ठळक उदाहरण अभियानात दुसरं घडलं नाही.

त्यानंतर पाहणी अधिकारी आले. त्यांनी यादी हातात धरली आणि दगडाबाईंसमोर उभे राहिले.

"आजी, तुम्ही माणूस आहात, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला हाय म्हाईत, सायेब. तुमालाच आत्ता कळलं."

साहेबांनी शेरा लिहिला: 'सदर सदतीस श्वान हे मनुष्य असल्याचे निदर्शनास आल्याने लाभास अपात्र.' दूध थांबलं. गोणपाट परत गेले. फडातला फोन बंद झाला. (लाल्याचा एकतीस क्रमांक चालू राहिला, पण मुकादमाचं म्हणणं पडलं की कुत्र्याला आवाज ऐकवायचा तर तो रेकॉर्ड करूनही चालतो, आणि ते खरंच होतं.) डॉक्टर रईस यांना अपात्र अंगणांत गाडी थांबवू नये असं पत्र मिळालं. पंचशीलाताईंना 'मनुष्यांची नोंद का केली?' अशी नोटीस आली. त्यांनी 'प्रपत्रात नकार नव्हता' असं एका ओळीचं खरं उत्तर दिलं. त्यावर अजून विचार चालू आहे. खिन्न कुत्री मात्र शून्यावर आलेली असल्यामुळे गावाला 'आनंदी श्वान ग्राम' म्हणून गौरवण्यात आलं. सत्काराला एकसष्टपैकी नऊ लाभार्थी हजर होते आणि तिघांनी व्यासपीठाच्या खांबापाशी कृतज्ञता व्यक्त केली.

दगडाबाईंची जखम तेव्हा निम्मी भरली होती. अजून महिनाभर पट्टी बदलायला हवी होती. नाहीतर पाय जाणार, हे डॉक्टरांनी जाताना स्पष्ट सांगितलं. सांगून त्यांनी अंगणवाडीच्या खिडकीत पट्ट्यांचं एक पुडकं ठेवलं आणि गाडी न थांबवल्यासारखं करून निघून गेले.

"आता तू बी कशाला येशील," दगडाबाई म्हणाल्या. "मी काय यादीत न्हाई."

"जखम भरेपर्यंत येईन, मावशी. एक दिवसाआड. दहा मिनिटं बोलायलाही बसेन."

"कोण इचारणार हाय तुला, न्हाई आलीस तर?"

"कुणीच नाही," पंचशीलाताई म्हणाल्या.

इथं वाचकांना मघापासून लागलेली काळजी दूर करणं कर्तव्य आहे. लाल्या सुखरूप आहे. त्याचं वजन दीड किलोनं वाढलं असून तो हल्ली फाट्यावर जाण्याऐवजी सावलीत झोपतो. ही कथा ज्यांना ज्यांना सांगितली त्या सर्व सहृदय मंडळींनी शेवटी आवर्जून त्याचीच चौकशी केली. पायाबद्दल अद्याप कुणी विचारलेलं नाही. आपणही विचारणार होतात, हे गृहीत धरलेलं आहे.

परवा सकाळी पंचशीलाताईंनी वंदना आटोपली, थोडं पाणी उकळून बाटलीत भरलं, पट्टी आणि कात्री पदराखाली घेतली, आणि कुणाला काही न सांगता शेवटच्या घराच्या वाटेला लागल्या.