मोरांच्या हजेरीचा टँकर

वन्य पक्ष्यांची संख्या अचूक सांगणे कठीण असते, कारण मोजणीच्या वेळी पक्षी जागेवर नसतात. माणसांचेही तसेच आहे. फक्त माणसे उडून न जाता कोयते घेऊन ट्रॅक्टरमधून जातात.

त्या दुष्काळात पाटोदा तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर फाल्गुनात दोन्ही मोजण्या झाल्या. कर्ती माणसे ऊसतोडीला गेलेली. पाहणीच्या साहेबांना दारात बसलेले म्हातारेच दिसले. ‘वस्ती विरळ, तहान मध्यम’ असा शेरा मारून त्यांनी माणसांचा टँकर बंद केला. डोंगराच्या पायथ्याला पाणवठ्यावर मात्र मोर दिसले, म्हणून तो पाणवठा भरणारा मयूर संवर्धन सहकारी संस्थेचा टँकर चालू राहिला. (संस्थेत एकही मोर सभासद नव्हता. तरी चेअरमन सुंदरराव बिनविरोध निवडून येत, यावरून मोरांचा विश्वास दिसतो.)

सरूबाई आणि छबुबाई या दोघी म्हाताऱ्या त्या पाणवठ्यावर घागरी भरू लागल्या. बाकीचेही गेले. या वर्दळीने मोर बुजले आणि पलीकडच्या डोंगरावर निघून गेले.

मग संस्थेचे सचिव बद्रीनाथ दुर्बीण घेऊन आले. मोर दिसेनात, तेव्हा त्यांनी शास्त्राचा आधार घेतला: न दिसणारा पक्षी आवाजावरून मोजावा आणि एका नरामागे चार लांडोरी धराव्यात.

“आन् आवाजच न्हाई आला तर?” सरूबाईने विचारले.

“तर टँकर बंद, मावशी.”

“कावून बंद?”

“मोर न्हाईत तर पानी कोनाला द्यायचं?”

“आमाला.”

“तुमची मोजनी झालीय,” बद्रीनाथ म्हणाले. हे सांगताना त्यांना वाईट वाटले. (त्यासाठी अहवालात रकाना नव्हता.)

दुसऱ्या दिवशी पहाटे, बद्रीनाथ आवाज मोजायला येण्याआधीच, सरूबाई बाभळीआड बसली. जन्मात ती मोठ्याने बोलली नव्हती. नवऱ्यालाही हळूच हाक मारायची. मोराचा पहिला आवाज बाभळीच्या पलीकडे गेला नाही. दुसरा निघाला तो इतका करुण, की पलीकडे बसलेल्या छबुबाईला रडू फुटले आणि त्या रडण्यातूनच तिचीही हाक गेली.

बद्रीनाथांनी दुर्बीण लावली. बाभळीआडून हिरव्या लुगड्याचा पदर वाऱ्यावर हलत होता. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि वही उघडली.

“दोन नर,” ते सोबतच्या वनरक्षकाला म्हणाले. “पिसारा बी दिसला. लई मोठा हाय.”

टँकर चालू राहिला. हळूहळू वस्तीतले सगळेच म्हातारे पहाटे ओरडू लागले. मोरांची संख्या तिपटीने वाढली आणि सुंदररावांचा सत्कार झाला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, विहिरींना पाणी आले, कुणाला ओरडायची गरज उरली नाही. संख्या एकदम घसरली. पावसाचा मोरांवर होणारा वाईट परिणाम तपासायला सध्या एक समिती नेमलेली आहे.

‘दुष्काळातही मोर वाढले’ ही बातमी तुम्हीही वाचली असेल, चार जणांना पाठवलीही असेल. त्याच पानावर खाली वस्तीचा टँकर अजून बंदच असल्याची दोन ओळींची बातमी होती. ती तुमच्याकडून राहून गेली. वस्तीचा त्याबद्दल काही राग नाही. वर मोराचा रंगीत फोटो असताना खाली कोण बघतं?