तात्यांचा जुना नंबर

आमचे शेजारी भास्करतात्या कोणाच्याही घरात थेट शिरत नाहीत. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारतात, "वहिनी, रिक्वेस्ट पाठवलीय. अ‍ॅक्सेप्ट हाय का?" माझी बायको आतून "आहे" म्हणेपर्यंत चप्पल काढत नाहीत. एकदा कुकरच्या शिट्टीत तिला ऐकू गेलं नाही, तर तात्या परत गेले आणि दोन दिवस "आमाला पेंडिंग ठेवलं" असं गल्लीभर सांगत राहिले.

कोल्हारात नगर-मनमाड रस्त्यावर त्यांचं दुकान. तिथं झेरॉक्स निघते आणि पीकविम्याचे अर्ज भरून मिळतात. पूर्वी तो सायबर कॅफे होता. त्या काळी एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, टाकायची एक साइट होती. तात्यांनी तिच्यावर 'आम्ही कोल्हारकर' ही कम्युनिटी काढली. पुण्याला, दुबईला गेलेली मंडळी तिथं विचारायची, प्रवरेला पाणी कुठवर आलंय? तात्या दुकानाचं शटर ओढून पुलावर जायचे, बघून यायचे, मगच उत्तर लिहायचे. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातला माणूस. तेही अंदाजानं लिहीत नाहीत, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं.

शिवाय ते ब्लॉग लिहायचे. पेरूचा भाव, बाजारातली भांडणं, उसात दिसलेला बिबट्या.

कम्युनिटी गेली, पण तात्यांचं मॉडरेटरपण गेलं नाही. टपरीवर राजकारणावरून आवाज चढला की ते कप खाली ठेवतात. "विषय सोडून बोलू नका. नायतर उडवीन."

"कुठून उडवता, तात्या? बाकड्यावरून?"

"ग्रुपातून."

"ग्रुप हाय कुठं आता?"

यावर तात्या कप पुन्हा उचलतात.

लोक आधी दुसऱ्या, मोठ्या साइटवर गेले, मग मोबाईलवर. तेच लोक आता तात्यांना रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवतात. "फुलं धाडत्यात," तात्या म्हणतात. "पानी कुठवर आलं, कोनी इचारत न्हाई."

जुनी साइट बंद होणार अशी सूचना आली तेव्हा त्यांनी आठवडाभर बसून सगळं सीडीवर उतरवून घेतलं. उतरले ते नुसते शॉर्टकट. कोणत्याही नावावर टिचकी मारा, पान सापडत नाही. ब्लॉगची साइटही पुढे बंद पडली.

यंदा रस्ता रुंदीकरणात दुकान मागच्या गल्लीत न्यावं लागलं. तात्यांना ना छपराची काळजी, ना गिऱ्हाइकाची. काळजी एकच, लँडलाईनची. गल्लीत वायर नव्हती. मी स्पष्ट सांगितलं, "तात्या, त्या फोनवर कोणी बोलत नाही. बिल मात्र येतं. बंद करून टाका."

"न्हाई अण्णा. एका मानसाकडं आपला तेवढाच नंबर हाय."

मग हळूहळू कळलं. ब्लॉगवर शेवंती या नावानं कोणीतरी प्रत्येक लेखाखाली लिहायचं. तात्यांची आई गेली तेव्हा गाव दहा दिवस येऊन बसलं. त्यानंतर माणसं यायची थांबली. शेवंतीकडून मात्र रोज एक ओळ यायची: आज जेवलात का? पुढे शेवंतीचं लिहिणं थांबलं. ब्लॉगची साइट बंद व्हायच्या आधी तात्यांनी तिथल्या शेवंतीच्या पानावर दुकानाचा नंबर लिहून ठेवला. तो वाचला गेला की नाही, ठाऊक नाही.

"बाई होती की पुरुष?" मी विचारलं.

"कधी इचारलं न्हाई. जेवलो का न्हाई, तेवढं खरं सांगायचो."

महिनाभर तात्या टेलिफोन कचेरीत खेपा घालत राहिले. शेवटी गल्लीत फायबर आलं आणि नंबर तोच राहिला. लाईनमन गेल्यावर तात्या म्हणाले, "अण्णा, घरी जाऊन एक फोन लावा. वाजतोय का बघू."

मी घरी येऊन नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. फोन माझाच असणार हे त्यांना माहीत होतं. तरी पलीकडून आला तो आवाज मी इतक्या वर्षांच्या शेजारात कधी ऐकला नव्हता. हळू, जपून.

"हॅलो... कोन बोलतंय?"

"मीच आहे, तात्या."

"व्हय," ते म्हणाले. "वाजतोय."

आणि त्यांनी लगेच फोन ठेवला. लाईन अडकून राहायला नको म्हणून.