नाण्यातले सासरे

त्या दुपारी दीड हात लांब पडलेला रिमोट घ्यायला मी उठलो असतो, तर माझे सासरे वारल्यानंतर चौदा महिन्यांनी आमच्या घरी राहायला आले नसते.

उठलो नाही, कारण पाय मुरगळला होता. (फॅक्टरीत काम करताना मुरगळला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे स्टोअरच्या वजनकाट्यावर मी स्वतःला मोजायला चढलो होतो आणि आकडा पाहून घाईघाईनं उतरलो.) डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवलं. रांझीतलं आमचं फॅक्टरीचं क्वार्टर, मे महिना, बाहेर लूच्या झळा, आत कूलरची घरघर. बायको अनसूया आतल्या खोलीत झोपलेली. रिमोट टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, आणि फोन मात्र माझ्या उशाशी.

टीव्हीवर एक बाई नाणी विकत होती. कुठल्याशा अज्ञात राजाची दुर्मिळ राजमुद्रा, चोवीस कॅरेटचा मुलामा, मखमली डबी, सोबत प्रमाणपत्र. "सिर्फ ग्यारह बची हैं," असं ती अर्धा तास सांगत होती, आणि अर्ध्या तासात एकही कमी झाली नव्हती. मग ती एकाएकी गप्प झाली. तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"आप लेटे हुए हैं," ती हळू आवाजात म्हणाली, "और सोच रहे हैं कि फोन करूँ या नहीं."

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. तिची नजर हलेना. शेवटी मी फोन लावला.

"बोलिए गुणवंतजी," पलीकडचा माणूस म्हणाला.

मी नाव सांगितलंच नव्हतं! (अनसूयाचं म्हणणं, मीच सांगितलं असणार. कुठलाही फोन मी नाव, हुद्दा आणि टोकन नंबर सांगूनच सुरू करतो म्हणे.) दोन मिनिटांत मी एकवीसशे नव्व्याण्णव रुपयांचा राजा विकत घेऊन बसलो होतो.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. अनसूयानं ते उघडलं, किंमत वाचली आणि कंबरेवर हात ठेवला.

"काहून घेतलं हे? घरात मिक्सर बंद पडून राहिला, अन् तुम्ही राजे विकत घेऊन राहिले?"

"अगं, इन्व्हेस्टमेंट आहे ती."

"इन्व्हेस्टमेंट! अन् हे..." ती डबी उघडता उघडता थांबली. नाणं मारी बिस्किटाएवढं होतं. ते तिनं खिडकीपाशी नेलं, पदरानं पुसलं, पुन्हा पाहिलं. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अहो, हे तर बाबा!"

मी लंगडत गेलो आणि माझा दुखरा पाय एका क्षणात बरा झाला, कारण मी दोन्ही पायांनी मागे उडी मारली. खरंच तेच होते. मुरलीधरराव, माझे सासरे, वर्ध्याचे. तेच टक्कल, तीच बसकी हनुवटी, गालावर तोच तीळ. आणि मुख्य म्हणजे ती नजर. सासरे रेल्वेत तिकीट तपासनीस होते. लग्न ठरल्यापासून मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, हा माणूस विनातिकीट चढला आहे अशाच नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राजाही तसाच पाहत होता.

अनसूयानं नाणं भिंतीतल्या कोनाड्यात उभं केलं. समोर एक फूल, चार वाजता अर्धा कप चहा. कोनाडा नेमका माझ्या खुर्चीसमोर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. सासरे सिरियस असल्याचा फोन आला, तेव्हा तिकिटं मीच काढली होती. गाडी मदन महल स्टेशनहून रात्री बारा वाजून दहा मिनिटांची, चौदा तारखेची. मी चौदा तारखेला जेवूनखाऊन, रात्री साडेअकराला अनसूयाला घेऊन निघालो. प्लॅटफॉर्मवर पोचल्यावर कळलं, रात्री बारानंतर तारीख बदलते, आणि आमची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. मी अनसूयाला बाकावर बसवून चौकशीच्या खिडकीशी गेलो होतो. परत येऊन म्हणालो, "गाडी कॅन्सल झाली." दुसऱ्या गाडीनं आम्ही वर्ध्याला पोचलो, तेव्हा बाबांना नेऊन चार तास झाले होते. अनसूया रिकाम्या खाटेपाशी बसून राहिली. मी काही बोललो नाही. पुढेही नाही.

आणि आता एक तिकीट तपासनीस माझ्यासमोर कोनाड्यात बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाणं किंचित वळलेलं दिसलं. दरवाज्याकडे होतं ते माझ्या खुर्चीकडे झालं. मी मनाची समजूत घातली. फॅक्टरीच्या मैदानात तोफगोळ्यांची चाचणी चालते, धाड धाड होतं, आमच्या खिडक्या थरथरतात, कपाटातले कप वाजतात. नाणंही सरकणारच. मी खुर्ची डावीकडे घेतली. पुढच्या दुपारी नाणं डावीकडे पाहत होतं. मी उजवीकडे गेलो. नाणं उजवीकडे.

मग रविवार आला. रविवारी चाचणी नसते. खिडक्या चूप, कप चूप. मी खुर्ची उचलून थेट दाराआड लपवली आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आलो तर नाणं दाराकडे तोंड करून होतं.

"तू हलवलंस का?" मी अनसूयाला विचारलं.

"मी काहून हलवीन? बाबांना कोण हलवणार?" ती म्हणाली. "जिवंतपणी तरी कोणाचं ऐकत होते का?"

त्याच दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो. कूलरचं पाणी संपलं होतं, म्हणून तो बंद होता. अशी शांतता की घड्याळाचा काटा ऐकू यावा. आणि कोनाड्यातून खोकला आला. दोन छोटे, मग एक लांब. डब्यात शिरताना, प्रवाशांनी सावध व्हावं म्हणून मुरलीधरराव अगदी असेच खोकत.

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमत कोणाची होती? थोड्या वेळानं अनसूयाची पावलं आली, स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि ती बोलू लागली.

"बाबा, चहा घ्या. यांनी आज पुन्हा भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं. अन् दोनदा वाढून घेतली." मग थोडी थांबून, "मले यायला उशीर झाला ना बाबा..."

पुढचं मी ऐकलं नाही. उशीत कान खुपसले. ती रोज बोलत होती, आणि बोलताना तिचा चेहरा गेल्या चौदा महिन्यांत दिसला नव्हता इतका मोकळा होत होता. आणि मी? मी रोज थोडा वाळत होतो.

सोमवारी अनसूया अंघोळीला गेली तशी मी सासऱ्यांना रुमालात गुंडाळलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि ऑटोनं सराफ्यात गेलो. (सगळ्या रस्त्यात छातीवर कोणीतरी बोट टेकवून तिकीट मागतंय असं वाटत होतं.) रामकृष्ण सोनार आमचे जुने ओळखीचे. अनसूयाचं मंगळसूत्र त्यांच्याच हातचं.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"टीव्हीवालं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पितळ आहे भाऊ. वर सोन्याचं पाणी, तेही पावसात भिजलं तर उतरंल." त्यांनी ड्रॉवर ओढला. आत तशीच नऊ नाणी. "विकायला आणतात, मी घेत नाही, तर इथंच सोडून जातात. कोणी म्हणते माझा आजा, कोणी म्हणते मामा. एक बाई तर आपला पहिला नवरा म्हणे. साचा घासून गेला आहे. चेहरा असा पुसट, की ज्याच्या मनात जो बसला तो दिसते."

माझा जीव इतका हलका झाला की मी हसलो. म्हणजे काहीच नव्हतं! पितळ! मी नाणं खिशात घातलं आणि पायरी उतरू लागलो.

"गुणवंतभाऊ," रामकृष्ण मागून म्हणाले. आवाज बदललेला. "एक विचारू? तुमचंवालं... खोकते का?"

मी वळलो. ते ड्रॉवरकडे पाहत होते.

"मी दुपारी शटर अर्धं ओढून जरा लेटतो," ते म्हणाले. "तर नऊ जण..." आणि त्यांनी ड्रॉवर हळूच, कोणाला जाग येऊ नये तसा, बंद केला.

घरी आलो तेव्हा पाय मुरगळलेला होता हे मी पूर्ण विसरलो होतो. अनसूया रिकाम्या कोनाड्यासमोर उभी होती. मी नाणं काढून जागेवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहतच बोललो. तिच्याकडे पाहायचं धाडस नव्हतं.

"अनू, गाडी कॅन्सल नव्हती झाली. मी तारीख चुकलो होतो. माझ्यामुळे तुला बाबा दिसले नाहीत."

मग तिनं पदरानं नाणं पुसलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तिकीट माझ्याच पर्समध्ये होतं. तुम्ही खिडकीशी गेले, तेव्हा बाकावर काढून पाहिलं. टीसीची पोरगी आहे मी. तारीख वाचता येते."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी सांगता, वाट पाहून राहिली होती." तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "बाबांना मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं."

मी नाण्याकडे चोरून पाहिलं. "काय म्हणाले?"

"काही नाही. खोकले."

आम्ही दोघं नाण्याकडे पाहत उभे राहिलो. मग तिनं माझा हात धरला, आणि गंमत म्हणजे मला पहिल्यांदाच वाटलं की समोरचा माणूस माझ्याकडे नाही, दुसरीकडे कुठे तरी पाहतो आहे. तेवढ्यात फोन वाजला आणि मी ओरडलो. अनसूयानं शांतपणे उचलला. नाणी विकणाऱ्या कंपनीचाच माणूस होता. आवाज मलाही ऐकू येत होता. नवीन स्कीम, फक्त जुन्या ग्राहकांसाठी. पतीचा फोटो पाठवा, चोवीस कॅरेटच्या मुलाम्यात त्यांचा हुबेहूब चेहरा घडवून देऊ, आयुष्यभर जपून ठेवा.

अनसूयानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी नकळत पोट आत घेतलं.

"नहीं भैया," ती म्हणाली, "ओरिजिनल घर में ही पड़ा है. उसी को कोई वापस नहीं ले रहा."